हातावरचं मीठ

मी सलग तीन वर्षं जिल्ह्याचा सुमो विजेता आहे आणि यंदापर्यंत एकही कुस्ती खेळलेलो नव्हतो.

यात लबाडी काही नाही. सुमोत वजनाचे गट असतात. सगळ्यात वरचा गट एकशे पंधरा किलोच्या पुढचा. मी एकशे सेहेचाळीस. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात एवढ्या वजनाची माणसं भरपूर आहेत, पण ती जागांच्या धंद्यात आहेत, लंगोट बांधून रिंगणात यायला कोणाला सवड नाही. म्हणून दर वर्षी मी रिंगणात उभा राहायचो, पंच समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून प्रतिस्पर्ध्याचा तीन वेळा पुकारा करायचे, रिकामी जागा काही बोलायची नाही, आणि माझा हात वर व्हायचा. दुसऱ्या वर्षी तर मला घामही आला होता. पंखा बंद होता.

मी कधी निराश झालो नाही. न हरलेला माणूस आहे मी. त्याला काही किंमत असतेच.

आमचे दयाराम सर पनवेलच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुमोची संघटना काढली. संघटनेत सर, मी आणि एक गादी आहे. सर मला नेहमी आकाशी शिगानोसुकेची गोष्ट सांगतात. हा सतराव्या शतकातला, जपान्यांच्या यादीतला सगळ्यात पहिला योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पहिलवान. उंची आठ फुटांच्या वर होती म्हणतात. आणि हा माणूस खरंच होता की नव्हता याची खुद्द जपान्यांना खात्री नाही. त्याच्या कुस्त्यांची धड नोंदच नाही.

"त्याच्या कुस्त्या आहेत, नोंद नाही. तुझी नोंद आहे, कुस्त्या नाहीत," सर म्हणायचे. "दोघं मिळून एक पूर्ण पहिलवान होता तुम्ही."

मला हे पटायचं. माझ्या आजाला पटायचं नाही.

माझा आजा बळीराम. चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस. आता त्या मिठागराच्या जागी कंटेनर उभे असतात. आजा तिथून जाताना म्हणतो, "आत काय भरलाय कोनला म्हाईत. मीठ तं नक्की नाय." तरुणपणी तो जत्रेत नारळाची कुस्ती खेळायचा, म्हणजे जो जिंकेल त्याला नारळ. आजाने एवढे नारळ जिंकले की आजीला लग्नानंतर सहा वर्षं नारळ विकत आणावा लागला नव्हता.

मी पहिल्यांदा जिल्ह्यात उतरलो तेव्हा आजा पहिल्या रांगेत पिशवीत नारळ घेऊन बसला होता. माझा हात वर झाला. आजाने नारळ परत पिशवीत टाकला.

"आजा, जिकलो ना मी."

"कोनाशी?"

मी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. आजाने तिकडे नीट बघितलं. "त्याला दे मंग नारल. तो पन पडला नाय."

तोच नारळ तीन वर्षं पिशवीत होता. आतलं पाणी कधीच आटलं. हलवला की आतून गोटा खुळखुळायचा. आजा तो रोज सकाळी कानाशी धरून एकदा हलवायचा आणि माझ्याकडे बघायचा. एकशे सेहेचाळीस किलोच्या माणसाला घरात लपायला जागा नसते, त्यामुळे ते मला रोज बघावं लागायचं.

मला तो नारळ हवा होता. करिअर वगैरे ठीक आहे.

यंदा कुंदनशेठने स्पर्धा भरवली. कुंदनशेठचं पनवेलमध्ये लग्नाचं लॉन आहे आणि गळ्यातली साखळी माझ्या पट्ट्यापेक्षा थोडीच बारीक आहे. त्याने खुला गट ठेवला. खुल्या गटात वजन बघत नाहीत, कोणीही कोणाशीही. आणि देवाची कृपा, एक नाव आलं. उरणचा इंद्रजीत कोळी. वजन शहात्तर. सकाळी बापाच्या होडीवर जाळी ओढणार, दुपारपासून बंदरात कंटेनर बांधणार. मी त्याचा फोटो बघितला आणि सरांना म्हणालो, "सर, हा माणूस खरंच आहे ना?"

"आधार कार्ड बघितलंय," सर म्हणाले.

एवढ्यात पत्रक छापून आलं. वर माझा फोटो, बाजूला कुंदनशेठचा माझ्यापेक्षा मोठा फोटो, आणि खाली लिहिलेलं : 'संपूर्ण जपानी पद्धतीने, मिठासह.'

जपानात व्यावसायिक पहिलवान कुस्तीआधी रिंगणात मूठभर मीठ उधळतात. जागा शुद्ध होते म्हणून. सर पत्रक घेऊन कुंदनशेठकडे गेले, मागोमाग मी.

"शेठ, हौशी सुमोत मीठ नसतं. ते प्रोफेशनलमध्ये."

"मंग आपन काय भिकारी हाव?" कुंदनशेठ म्हणाला. "पन्नास किलोची गोनी आनलीय. कंपनीतला जपानी साहेब येनार हाय पाव्हना. त्याला वाटाला नको का आपल्या घरी आल्यासारका? जो मीठ टाकनार नाय तो बाद. लिवून टाका नियम."

सरांनी नियम लिहिला. मी घरी आलो आणि आजाला सांगितलं.

आमच्या घरात मिठाचे दोन कायदे आहेत. पहिला, मीठ सांडायचं नाही. सांडलेलं मीठ मेल्यावर डोळ्यांच्या पापण्यांनी वेचावं लागतं. दुसरा, मीठ कोणाच्या हातावर द्यायचं नाही, भांडण होतं. ताटात ठेवायचं, समोरच्याने उचलायचं. आजा त्याच्या सख्ख्या भावाशी एकोणीस वर्षं बोलत नाही. गाव म्हणतं, जमिनीच्या वाटणीवरून. आजा म्हणतो, कालवणात मीठ कमी होतं, भावाने हातावर दिलं.

"टाकाचा म्हंजे?" आजाने विचारलं. "कया टाकाचा?"

"खाली. रिंगणात."

"आन मंग त्याच्यावर उबं ऱ्हाचा?"

"हो."

"पायांनी?"

माझ्याकडे उभं राहायला दुसरं काही नव्हतं. "हो, आजा."

आजाने नारळाची पिशवी खुंटीला अडकवली. "चालीस वर्सा मी त्या मिठात पाय जालले," तो म्हणाला. "एक दाना कदी फुकट टाकला नाय. तू मूठभर टाक. मी बघाला येतो. तू टाकलास का मी उटून जाईन, आन नारल खाडीत."

म्हणजे हिशोब असा. मीठ टाकलं तर नारळ गेला. नाही टाकलं तर मी बाद, म्हणजे समोर माणूस असूनही कुस्ती नाही. तीन वर्षं रिकाम्या जागेने मला जिंकवलं होतं. आता भरलेली जागा मला न खेळताच हरवणार होती.

मी इंद्रजीतला फोन केला. नंबर पत्रकावर होता, कुंदनशेठने चुकून सगळ्यांचे छापले होते.

"दादूस, तू टाकनार मीठ?"

"आमी रोज टाकतो," इंद्रजीत म्हणाला. "मासलीवर."

"मासलीवर वेगला. पायाखाली?"

"तू आडवा पडलास का तुज्यावर टाकीन. पन्नास किलो पुरल का तुला?"

मला तो आवडला. समोरच्या जागेने मला पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं होतं.

स्पर्धेचा दिवस रविवार, सकाळी दहा. कुंदनशेठच्या लॉनवर सहाशे खुर्च्या, मध्ये गादीवर आखलेलं गोल रिंगण, आणि रिंगणाबाहेर स्टीलच्या टोपात मीठ. पहिल्या रांगेत आजा, मांडीवर पिशवी. शेजारी जपानी साहेब. कुंदनशेठने माईकवरून साहेबांना विचारलं की मीठ बरोबर आहे ना, जाडं आणलंय. दुभाष्याने सांगितलं की साहेब पंपाच्या कारखान्यात आहेत, त्यांनी आयुष्यात फक्त बेसबॉल बघितलाय, पण मीठ छान दिसतंय.

माझा पट्टा गोदू आत्याने बांधला. सुमोचा पट्टा म्हणजे जाड कापडाचा आठ मीटर लांब तुकडा. सरांना तो बांधायला वीस मिनिटं लागतात आणि तरी सुटतो. गोदू आत्या, माझ्या बापाची मोठी बहीण, जन्मभर काष्टा घालत आलेली. पहिल्या वर्षी तिने जपान्यांचा व्हिडिओ एकदा बघितला, म्हणाली, "ह्यांना कोनी शिकवलाच नाय," आणि दोन मिनिटांत असा आवळला की मी एक इंच उंच झालो. तेव्हापासून ती आमच्या संघटनेची अधिकृत पट्टावाली आहे, आणि म्हणून ती त्या दिवशी रिंगणाच्या कडेला उभी होती.

पंच दयाराम सरच. जिल्ह्यात पंचाचं सर्टिफिकेट त्यांच्याकडेच आहे. पंच असताना ते मला ओळखत नाहीत.

"प्रणित कोण?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला.

"इंद्रजीत कोण?"

समोरून हात वर झाला. खरा हात. तीन वर्षांत पहिल्यांदाच समोर कोणी होतं.

इंद्रजीतने मीठ घेतलं आणि जाळं फेकावं तसं उधळलं. सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजाने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

आता मी. मूठ भरून घेतली आणि तसाच उभा राहिलो.

"टाक रं!" कुंदनशेठ माईकवरून म्हणाला. "पाव्हनं बगतान!"

"पंधरा सेकंद," सर म्हणाले, मला न ओळखता.

आजाने पिशवी उचलून बगलेत धरली. उठायच्या तयारीत. माझ्या तळहाताला घाम आला, मीठ ओलं व्हायला लागलं. आणि त्या ओल्या मिठाने मला लहानपणचे शनिवार आठवले. दर शनिवारी संध्याकाळी गोदू आत्या माझी दिष्ट काढायची, कारण मी तेव्हाही दिष्ट लागण्यासारखाच होतो. मीठ-मोहरी माझ्यावरून ओवाळायची आणि चुलीत फेकून द्यायची. मूठभर मीठ, चांगलं, आख्खं. आजा शेजारीच बसलेला असायचा. आजा कधीच काही बोलला नव्हता.

"आत्या," मी म्हणालो, "दिष्ट काढ."

"आता?"

"आता. सहाशे मानसा बगतात मना. उगडा हाय मी."

आत्याला कारण पटलं. ती लुगडं सावरून रिंगणात आली, माझ्या मुठीतलं मीठ काढून घेतलं आणि ओवाळायला लागली. "आल्याची, गेल्याची, खुर्चीवरच्याची, मांडवाभाईरच्याची, मोबाईलवाल्याची, माईकवाल्याची…" माईकवाला म्हणताना तिने कुंदनशेठकडे बघितलं. सात वेळा ओवाळून ती थांबली आणि आजाकडे वळली. "बाबा, दिष्टीचा मीठ काय करतात?"

आजा अर्धा उठलेला होता. तो तसाच थांबला. चाळीस वर्षांचं मिठागर एका बाजूला आणि गोदू आत्या दुसऱ्या बाजूला.

"टाकतात," तो म्हणाला. "ठेवत नाय." आणि खाली बसला. मग वर म्हणाला, "मागं टाकाचा. वलून बगाचा नाय."

आत्याने न बघता खांद्यावरून मीठ मागे फेकलं. ते कुंदनशेठच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. नियमात कोणाच्या हाताने आणि कुठे टाकायचं ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे सरांनी ते ग्राह्य धरलं.

आता कुस्ती व्हायला हरकत नव्हती. पण आत्या रिंगणातून जाईना. ती इंद्रजीतकडे बघत होती.

"ह्याची कोन काडनार? तुजी आयस आली नाय का रं?"

"मासली इकाला गेलीय बाजारात," इंद्रजीत म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला.

"ये इकरं."

इंद्रजीतचीही दिष्ट काढली. मग कुंदनशेठ आला, शर्ट झटकत, म्हणाला आपल्यालाच तर सगळ्यात जास्त लागते. मग जपानी साहेब उभे राहिले. त्यांना वाटलं असावं की ही त्यांच्याकडचीच पद्धत आहे आणि आपल्यालाच माहीत नव्हती. त्यांच्यामागे रांग लागली. गोणीतलं पंधरा किलो मीठ संपलं. पाऊण तासाने सर म्हणाले, "कुस्ती."

माझी पहिली कुस्ती.

आम्ही एकमेकांवर धावलो, आदळलो आणि थांबलो. दिष्ट उतरल्यावर माणूस कसा हलका, शांत होतो, तसे आम्ही झालो होतो. मी त्याला धरलं, त्याने मला धरलं. कोणालाच ढकलावंसं वाटेना. मिनिटभर उभे राहून आम्ही हळूच एका अंगावर कललो आणि दोघं एकदम पडलो.

"एकाच वेळी," सर म्हणाले. "निकाल नाही. परत."

कुंदनशेठला 'निकाल नाही' एवढंच ऐकू आलं. त्याने माईकवर जाहीर केलं की कार्यक्रम संपला, मटण आणि वडे तयार आहेत. आमच्याकडे हे वाक्य एकदाच म्हणावं लागतं. दोन मिनिटांत सहाशे खुर्च्या रिकाम्या झाल्या. लग्नाचा व्हिडिओवालाही गेला, त्याला सवयीने पंगतीचं शूटिंग घ्यायचं होतं. राहिले आजा, आत्या, सर, आम्ही दोघं आणि जपानी साहेब. मटणात मिरची किती असते ते त्यांना ऑफिसात कळलं होतं.

आजा उठून रिंगणापाशी आला.

"ही कुस्ती व्हती? हलदीला आलेले पाव्हने गला भेटतात तशी?"

"आजा, दिष्ट उतरली ना," मी म्हणालो. "रागच येत नाय."

आजाने मिठाच्या टोपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग इंद्रजीतकडे. माझ्या अंदाजाने तो त्या वेळी भावाशी न बोललेल्या एकोणीस वर्षांचा विचार करत होता.

"पोरा," तो इंद्रजीतला म्हणाला, "मूठभर मीठ घे. आन ह्याच्या हातावर दे."

"बाबा!" आत्या ओरडली.

"देऊ दे. भांडनच पायजे हाय."

इंद्रजीतचा हात थबकला. त्याच्याही घरात तोच कायदा होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्याने मीठ उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

पहिले दोन सेकंद काही झालं नाही.

"हात हाय का म्हशीचा खूर?" इंद्रजीत म्हणाला.

"तुज्या होडीपेक्षा लहानच हाय."

"होडीला काय बोलाचा नाय."

"बुडकी होडी."

"आजोबा, बाजूला व्हा तुमी," इंद्रजीत म्हणाला. डोळे लाल.

आजा खूश झाला. "हा मीठ भांडनाचा," तो मला म्हणाला. "हा पन ठेवाचा नाय. टाक." आणि मी टाकलं. समोर, रिंगणात, आजाच्या डोळ्यांदेखत, त्याच्या सांगण्यावरून.

कुस्ती चार सेकंद चालली. सगळी सांगतो. पहिल्या सेकंदाला तो माझ्या छातीवर असा आदळला की शहात्तर किलो हे वजन नक्की कशाचं सांगितलं होतं असा मला प्रश्न पडला. दुसऱ्या सेकंदाला त्याने माझा पट्टा धरून ओढला. जाळं ओढणारा हात तो. दुसऱ्या कोणीही बांधलेला पट्टा हातात आला असता. गोदू आत्याने बांधलेला हलला नाही. तिसऱ्या सेकंदाला मला राग आला, मन लावून, होडीसकट. चौथ्या सेकंदाला इंद्रजीत रिंगणाबाहेर, पाव्हण्यांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर होता आणि मी त्याच्यावर.

"प्रणित," सर म्हणाले. त्यांनी मला ओळखलं.

जपानी साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग दुभाष्याच्या नावाने हाका मारल्या, पण तो मटणाला गेला होता, त्यामुळे ते काय म्हणत होते हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

नंतर सरांनी मला प्रमाणपत्र दिलं. ते आठवडाभर आधीच छापून ठेवलेलं होतं, तीन वर्षांच्या सवयीने. त्यावर लिहिलं होतं : 'प्रतिस्पर्धी गैरहजर असल्याने विजयी.'

"बदलून आणतो," सर ओशाळून म्हणाले.

"राहू द्या सर," मी म्हणालो. "आकाशीचंही असंच झालं असणार."

आजाने तोपर्यंत आम्हा दोघांना कामाला लावलं होतं. रिंगणातलं सगळं मीठ गोळा करायचं. हातांनी चालेल, पापण्यांचं नंतर बघू. मी एका बाजूने, इंद्रजीत दुसऱ्या बाजूने. भांडण चालूच होतं. तो म्हणत होता की त्याचा पाय मिठावरून घसरला. मी म्हणत होतो की खरा कोळी मिठावरून घसरत नाही. तो म्हणाला, उरणला ये, होडीवर खेळू. मी म्हणालो, येतो, पण आधी तुझ्या बापाला विचार, होडी बुडाली तर चालेल का.

मग आजाने पिशवीतून नारळ काढला. सवयीने कानाशी धरून हलवला. खुळखुळला. लोखंडी खुर्चीच्या कोपऱ्यावर एकच घाव घातला आणि आतून सुक्या खोबऱ्याचा अख्खा गोटा निघाला, पाण्याचा थेंब नाही. आजाने तो दोन्ही हातांनी माझ्याकडे धरला.

"जिकलास," तो म्हणाला. "कोनाशी तरी."

मी गोटा फोडला. मोठा तुकडा स्वतःला ठेवला, विजेता होतो मी. मीठ लागलेल्या हातानेच लहान तुकडा इंद्रजीतपुढे केला.

त्याने हात मागे घेतला.

"हातावर नको," इंद्रजीत म्हणाला. "तिकरं खुर्चीवर ठेव. मी घेतो."